साजूक तूप आणि डालडा: दोन्ही रवाळ, पण आत काय?

कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, साजूक तुपातला आहे की डालड्यातला, हे बेळगावात दुकानात उभं राहून विचारायला कुणी लाजू नये. थंडीत दोन्ही तुपं सारखीच पांढरट आणि घट्ट दिसतात. एक खानापूरकडच्या म्हशीच्या दुधाचं, दुसरं कारखान्यातलं.

तेल घट्ट करण्याचं पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये घेतलं. तापलेल्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळायचा. अमेरिकेत १९११ मध्ये सरकीच्या तेलाचं क्रिस्को आलं, आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा. स्वस्त, आणि लवकर खवट न होणारं, म्हणून घराघरात शिरलं.

घात झाला तो काम अर्ध्यावर थांबवण्याने. हायड्रोजन पूर्ण भरला तर ट्रान्स फॅट जवळपास उरत नाही, पण चरबी मेणासारखी कडक होते. ती मऊ राहावी म्हणून प्रक्रिया मध्येच थांबवत. तेव्हा तेलाच्या रेणूंच्या वाकड्या साखळ्यांपैकी बऱ्याच सरळ होतात. हेच ट्रान्स फॅट. नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये दाखवलं की याने वाईट कोलेस्टेरॉल वाढतंच, शिवाय चांगलं घटतं. साजूक तुपातली संपृक्त चरबीही (सॅच्युरेटेड फॅट) वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, पण चांगल्याला असं खाली ओढत नाही. हृदयाच्या दृष्टीने जुना डालडा इथेच जास्त घातक ठरला.

साजूक तुपातही थोडं ट्रान्स फॅट असतं. ते म्हशीच्या पोटातले जंतू तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत दोन्ही प्रकार धरले जातात: २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला साधारण २.२ ग्रॅमपेक्षा कमी. त्यामुळे अस्सल आहे म्हणून मांड्यावर कितीही तूप ओतावं, असं मी म्हणणार नाही.

भेसळ ओळखण्यासाठी आपल्या सरकारने केलेली तरतूद मला फार आवडते. वनस्पती तुपात, म्हणजे डालड्यासारख्या तुपात, किमान ५ टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळलं असेल, तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल नावाचं रसायन घातल्यावर त्या तिळाच्या तेलामुळे गुलाबी रंग येतो.

जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-चरबीत कारखान्यातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. म्हणजे आजचा डालडा पूर्वीचा नाही. पण घट्टपणा कुठून तरी आणावाच लागतो, आणि तो बहुधा पामतेलाच्या संपृक्त चरबीतून येतो. पुड्यावर हे वाचता तरी येतं. निपाणी असो वा चिकोडी, बेकरीतल्या सुट्या खारीला, नानकटाईला लेबलच नसतं. तिथे ‘कशात केलंय?’ एवढंच विचारायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर पोरांसाठी गूळ-शेंगदाणे घेऊन घरी जायचं.