केमो चालू असताना काढा घ्यावा का?

आमचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान. घरात कुणाला कॅन्सर निघाला की नातेवाईक येतात आणि म्हणतात, "सोबत काहीतरी द्या." पुडी बांधण्याआधी आम्ही हा कागद हातात देतो.

"सोबत" म्हणजे ऑपरेशन, केमो, लाईट (रेडिएशन) चालू ठेवून, डॉक्टरांच्या कानावर घालून. ते सोडून दुसरंच काही घेणं हा निराळा आणि घातक रस्ता. २०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॅन्सर इतरत्र पसरलेला नसतानाही नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ रुग्ण होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला.

"झाडपाल्याने काय होतंय?" असं रोज कुणीतरी विचारतं. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी, कॅप्सूलमधला मिरीयुक्त अर्क वेगळा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांमध्ये अशा अर्कामुळे त्या गोळीचा रक्तातला प्रभावी अंश घटल्याचं नेदरलँड्समध्ये दिसलं. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, असा आयुष मंत्रालयाचा त्यावर आक्षेप होता. वाद काहीही असो, केमोचा ताण यकृतावर आधीच असतो, म्हणून केमोच्या रुग्णाला आम्ही गुळवेल विकत नाही.

खात्रीची माहिती हवी तर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाचा 'अबाउट हर्ब्ज' हा संग्रह पाहा. एखादी वनस्पती कशावर तपासली गेली, कोणत्या औषधाशी तिचं पटत नाही, हे तिथे फुकट वाचता येतं. भाषा इंग्रजी आहे, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची मदत घ्या. शास्त्रीय नावाने शोधा: गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, अश्वगंधा म्हणजे विथानिया सोम्निफेरा.

"कॅन्सर मुळापासून बरा" अशी जाहिरात दिसली तर तिथून काही घेऊ नका. कॅन्सर बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

रागावतील म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. चूर्ण, काढा, गावाकडून आलेली मुळी, सगळं सांगा आणि डबीचा फोटो फाईलला लावा. आमच्याकडच्या औषधातले घटक आम्ही कागदावर लिहून देऊ. डॉक्टर नको म्हणाले, तर न उघडलेली डबी परत घेऊन पूर्ण पैसे देऊ.