चेस्ट कूलर आणि डीप फ्रीजर: पेटी सारखीच, काम वेगळं

तालुक्याच्या गावी एखादं कोल्ड्रिंकचं दुकान बंद झालं की तिथली पांढरी पेटी स्वस्तात निघते. लोक 'फ्रीजर मिळाला' म्हणून ती गाडीत टाकून घरी आणतात, त्यात मटण-मासोळी भरून ठेवतात, आणि आठ-दहा दिवसांत वास सुटला की मग मेकॅनिकला फोन. मेकॅनिक येतो, गॅस भरून पैसे घेऊन जातो, आणि पुन्हा तेच. बिघाड नसतोच भाऊ, तो फ्रीजरच नसतो, तो चेस्ट कूलर असतो, बाटल्या थंड ठेवायसाठी बनवलेला.

वरून पाहिलं तर दोन्ही जुळे. वर उघडणारं झाकण, आत जाळीची टोपली, खाली चाकं, कोपऱ्यात कॉम्प्रेसर. फरक आतल्या टेम्परेचरचा आहे. चेस्ट कूलर साधारण 2 ते 8 डिग्रीवर चालतो, म्हणजे घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यासारखा. डीप फ्रीजर मायनस 18 वर किंवा त्याच्याही खाली. पहिल्यात दूध, बाटल्या, भाजी, पनीर चार दिवस ताजं राहते, दुसऱ्यात मटण, मासोळी, तुरीचे सोले, आंब्याचा रस महिनोन्‌महिने टिकतो. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की दोन्हीकडून नुकसान, कूलरमधलं मटण सडते आणि फ्रीजरमधल्या काचेच्या बाटल्या फुटतात.

'थर्मोस्टॅट बदलून कूलरचाच फ्रीजर करून देतो' म्हणणारेही भेटतात. नका ऐकू. कॉम्प्रेसर, गॅसचं प्रमाण, कॅपिलरी म्हणजे गॅस सोडणारी बारीक नळी, भिंतीतला फोम, सगळं त्या 2 ते 8 च्या हिशोबानं बसवलेलं राहते. नॉब किंवा थर्मोस्टॅट बदलून हिवाळ्यात थोडा बर्फ धरेलही, पण एप्रिल लागला की कॉम्प्रेसर दिवसरात्र घरघर करून राहील, बिल वाढेल, आणि मटण तरी नरमच. कंपनीनंच कन्व्हर्टेबल म्हणून बनवलेली पेटी वेगळी, तिला स्वीच देऊन दोन्ही मोड दिलेले असतात. पण तीसुद्धा एका वेळी एकच मोड चालवते. त्यामुळे एका बाजूला दूध आणि एका बाजूला मटण पाहिजे असेल तर दोन वेगळ्या कप्प्यांची पेटी घ्या.

जुनी पेटी घेताना ओळखायची कशी? मागं किंवा कॉम्प्रेसरजवळ प्लेट चिकटवलेली असते, मोबाइलनं फोटो काढून झूम करून कूलर लिहिलंय की फ्रीजर ते वाचा. प्लेट खरडलेली असेल तर रात्रभर चालू ठेवून पाहू द्या म्हणा. पाण्याचा ग्लास ठेवून 'बर्फ झाला, चला पक्का फ्रीजर' असं मात्र करू नका, पाणी तर मायनस तीन-चारलाही गोठते. त्यापेक्षा आइस्क्रीमचा कप ठेवा. सकाळी चमचा सहज घुसला तर ती पेटी मटणाच्या कामाची नाही, दगडासारखं कडक झालं असेल तर पुढं बोला. डिजिटल थर्मामीटर काही महाग मिळत नाही, तो आत टाकला तर वादच मिटतो.

काचेच्या झाकणाचा फ्रीजर घरी आणू नका. तो दुकानासाठी, गिऱ्हाईकाला आइस्क्रीम दिसावं म्हणून. काचेतून थंडी जाते, आणि लाइन गेली की आणखीच लवकर जाते. घरी बंद पत्र्याचं, जाड फोमचं झाकण पाहिजे.

आता साइज. पूर्ण भरून किती किलो मावते एवढंच लोक विचारतात. ढोबळ हिशोब सांगतो, 100 लिटरमध्ये नीट रचून 40-50 किलो माल बसते. पण खरा प्रश्न वेगळा आहे, एका दिवशी एकदम किती ताजा माल टाकणार? 100 लिटरची पेटी चोवीस तासांत साधारण चार-पाच किलोच व्यवस्थित गोठवते. घरी बोकड कापलं आणि बारा-पंधरा किलो मटण एकदम आत ढकललं तर मधला भाग लवकर गोठत नाही आणि शेजारी आधीच गोठलेला मालही नरम पडते. असं वर्षातून दोन-तीनदा होत असेल तर 300 लिटरकडे पाहा, किंवा दोन-तीन दिवसांत थोडं थोडं भरा, तोवर बाकीचं साध्या फ्रिजमध्ये. नुसते सोले न् रस ठेवायचे असतील तर चार-पाच जणांच्या घराला 100 ते 150 लिटर पुष्कळ झालं. अर्धी रिकामी मोठी पेटी उगाच बिल खाते.

सोल्यांचं सांगतोच, कारण पेटी चांगली असूनही इथं माल बिघडते. डिसेंबर-जानेवारीत शेंगा निघाल्या की लोक सोले काढून तसेच पिशवीत भरतात आणि मे महिन्यात भाजी केली की गवतासारखी लागते. आधी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात, मग निथळून कापडावर कोरडे करा. पाव-पाव किलोच्या पिशव्या भरून, हवा काढून, चपट्या करून आडव्या ठेवा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि रचायलाही बरी. चेस्ट कूलरमध्ये मात्र हे सगळं करून काही फायदा नाही, तिथं सोले चार दिवसांचेच पाहुणे.

उलट दुधाचा धंदा असेल तर कूलरच घ्या. फ्रीजरमध्ये दूध गोठून फाटल्यासारखं होते. फक्त कोमट दुधाची मोठी कॅन तशीच आत ठेवली की तासाभरात थंड होईल असं समजू नका. कूलर थंड माल थंड ठेवतो, गरम कॅन थंड करायला त्याला लय वेळ लागते, आणि तोवर दूध आंबायला लागते.

आपल्या इकडचा मोठा शत्रू उन्हाळा आणि व्होल्टेज. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि घरगुती मशीनचा क्लाइमेट क्लास, म्हणजे बाहेर किती गरम असेपर्यंत मशीन नीट चालेल तो दर्जा, सगळ्यात वरचा 'टी' घेतला तरी 43 डिग्रीपर्यंतचाच असतो. म्हणून नवीन घेताना प्लेटवर 'टी' आहे का पाहा, आणि पेटी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. तिच्या बाजूच्या भिंती गरम लागतात, ते बिघाड नाही, बहुतेक चेस्ट फ्रीजरमध्ये उष्णता त्याच पत्र्यातून बाहेर जाते, म्हणून चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा. वाळ्याच्या कूलरसमोरही ठेवू नका. ती ओली हवा झाकण उघडलं की आत शिरते, भिंतीवर बर्फाचे थर चढतात, आणि खालून पत्रा गंजते.

संध्याकाळी डीपीवर लोड आला की व्होल्टेज पडते, मग पेटीतून टक् आवाज, थोडी घरघर, पुन्हा टक्. कॉम्प्रेसर उचलत नाही आणि ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा स्वीच, त्याला बंद करून राहिला. कूलर असो की फ्रीजर, दोघांनाही स्टॅबिलायझर लागतो, आणि तो लाइन आल्यावर तीनेक मिनिटं थांबून चालू होणारा पाहिजे. लाइन गेली आणि झाकण उघडलंच नाही तर भरलेला फ्रीजर साधारण 48 तास टिकतो, अर्धा भरलेला 24, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. कूलरला ही सवलत नाही, काही तासांत दुधाची चिंता सुरू. चार दिवस गावाला जायचं असेल तर बर्फ झालेल्या पाण्याच्या वाटीवर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं, मग मटणाचा मोह सोडा.

फ्रीजरच आहे पण गोठत नाही, तर मेकॅनिकच्या आधी हे पाहा. झाकणाच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर गेलं. बर्फ बोटाच्या पेराएवढा जाड झाला असेल तर बंद करून वितळू द्या, तळाच्या बुचातून पाणी काढा. चाकू-पेचकसनं खरवडू नका, आतली नळी फुटली की पेटीच भंगारात. भिंतीच्या एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी भिंत कोरडी असेल तर मात्र गॅस कमी असू शकतो. तेव्हाही 'भरून टाका' म्हणायच्या आधी गळती कुठं ते शोधायला लावा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत तोच खर्च. आणि प्लेटवर आर-290 किंवा आर-600ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, बंद खोलीत नळी जोडायचा ज्वाळेचा टॉर्च पेटवू देऊ नका आणि त्यात आर-134ए हा वेगळाच गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.