गवताखालचं काँक्रीट

इंग्लंडच्या हरफर्डशायर परगण्यातल्या ब्रॉकहॅम्प्टन या खेड्यात ऑल सेंट्स नावाचं अँग्लिकन चर्च आहे. वालुकाश्माच्या भिंती, बसका चौकोनी मनोरा आणि वर चक्क शाकारलेलं गवती छप्पर. पाहणाऱ्याला ते चार-पाचशे वर्षांचं वाटावं. प्रत्यक्षात ते १९०१-०२ मध्ये उभं राहिलं आणि त्या गवताच्या खाली काँक्रीट आहे.

वास्तुविशारद होते विल्यम लेथबी. कारागिरीला पुन्हा मान मिळावा म्हणून धडपडणाऱ्या 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' चळवळीतलं हे मोठं नाव. त्यांनी कंत्राटदार नेमलाच नाही. मजूर थेट कामावर घेतले आणि देखरेखीला रँडल वेल्स या तरुण वास्तुविशारदाला जागेवर ठेवलं.

आत गेलं की दगडाच्या टोकदार कमानी दिसतात. त्या भिंतीत खूप खालून निघतात आणि उभ्या चढाने शिखराला भिडतात. दोन कमानींच्या मधलं छत म्हणजे लाकडी फळ्यांच्या साच्यावर जागेवरच ओतलेलं काँक्रीट, तेही बिनसळ्यांचं. इथेच खरी गंमत आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण, म्हणजे ओढ, सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. आपल्या घरातली सपाट स्लॅब सळ्यांशिवाय टाकली तर खालच्या अंगाला ताण येऊन ती तडकेल. कमानीत मात्र वजन दाबाच्या रूपानेच खाली उतरतं, फक्त तिचा आकार त्या दाबाच्या वाटेला धरून हवा. दोन खुंट्यांना सैल टांगलेली साखळी उलटी केली तर ती वाट दिसते, हे सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी सांगून ठेवलं होतं.

कमान भिंतींना बाहेर ढकलते, तो आडवा रेटा उंचीवर ठरतो. ढोबळ हिशेबात गाळा (कमानीच्या दोन पायांमधलं अंतर) आणि भार तेवढाच ठेवून उंची दुप्पट केली की रेटा निम्मा. कमानी अशा उभट असण्याचा फायदा तो हा. गवतालाही पाणी झटकन निथळायला तीव्र उतार लागतोच, त्यामुळे आतलं छत आणि बाहेरचं छप्पर एकमेकांना धरून जातात.

गवताचं दुसरं काम ऊब धरण्याचं. तापमान १० अंशांनी बदललं तर १० मीटर काँक्रीट सुमारे १ मिलिमीटर लांबतं किंवा आखडतं. वर्षानुवर्षं हे चाललं की भेगा आल्याच. शिवाय थंडीत गार पडलेल्या छतावर आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ धरते. गवताच्या पोकळ काड्यांत अडकलेली हवा दोन्ही गोष्टींना आळा घालते. मला तर हे छप्पर रूपापेक्षा गुणासाठी जास्त आवडतं.

एवढं असूनही घोळ झालाच, पण छतात नाही, पायात. काम चालू असताना बांधकामाला तडे गेले, पाया बळकट करावा लागला. लेथबींनी जबाबदारी अंगावर घेतली आणि फी घेतली नाही. त्यानंतर त्यांनी एकही इमारत बांधली नाही. शिकवणं, लिहिणं आणि १९०६ पासून वेस्टमिन्स्टर ॲबीची देखभाल यांत ते रमले.

वेल्स मात्र थांबले नाहीत. संडरलंडजवळ रोकर इथे एडवर्ड प्रायर यांनी १९०६-०७ मध्ये सेंट अँड्र्यूज चर्च बांधलं, तेव्हाही जागेवर तेच होते. यावेळी दगडाच्या जोडीला आलेल्या काँक्रीटमध्ये पोलादी सळ्या होत्या.