हात ट्रकवर, कान गोष्टीत

रशियात एक भोक आहे. तोंड लहानशा ताटलीएवढं आणि खोली १२,२६२ मीटर. १९७० साली खणायला सुरुवात केली, पण खाली तापमान अपेक्षेपेक्षा फारच जास्त, १८० अंश सेल्सिअस निघालं आणि काम पुढे सरकेना. हे सगळं मला गेल्या आठवड्यात एका पॉडकास्टमधून कळलं. ऐकताना मी लॅपटॉपवर युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळत होतो. झेक प्रजासत्ताकातल्या कंपनीचा २०१२ सालचा गेम आहे हा. माल भरायचा, युरोपातल्या हमरस्त्यांवरून शेकडो किलोमीटर न्यायचा आणि उतरवायचा. बस, एवढंच.

रात्री भाच्याला भोकाची गोष्ट रंगवून सांगितली. तो म्हणाला, "मामा, पण हे आहे कुठे?" कोला द्वीपकल्पावर, मी म्हटलं. "गाव कुठलं?" 'झ'वरून काहीतरी होतं. नाव तीनदा तरी कानावर पडलं होतं, तरी आठवेना.

दुसऱ्या दिवशी राहिलेला भाग ऐकताना गंमत म्हणून पेपरातलं शब्दकोडं घेतलं. सोपंच होतं, रविवारच्या पुरवणीतलं. वीस मिनिटांनी कोडं सुटलं, आणि पॉडकास्टमधलं एक वाक्यही डोक्यात नव्हतं.

पॉडकास्ट ऐकता ऐकता खेळायला गेम कुठला, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं : सोपा घ्या, डोक्याला ताप नसलेला. हे उत्तर मला पटत नाही. चाळीस टनांचा ट्रक, आरसे, सिग्नल, वेगमर्यादा, वळणं हे काम शब्दकोड्याहून सोपं कसं? तरी ट्रकबरोबर गोष्ट राहिली आणि कोड्याबरोबर वाहून गेली. म्हणजे प्रश्न नुसत्या सोप्या-अवघडाचा नसणार. गेम डोक्यातली नेमकी कुठली जागा अडवतो, ते बघायला हवं.

इथून पुढचा भाग माझ्या लाडक्या विषयाचा आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

१९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 'वर्किंग मेमरी'ची एक कल्पना मांडली. वर्किंग मेमरी म्हणजे कामापुरती स्मृती, हातातलं काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी. त्यांचं म्हणणं असं की ही एकच पिशवी नाही. चित्रं आणि जागा धरणारी एक पाटी आहे, आवाज आणि शब्द धरणारा एक फेरा आहे आणि दोघांवर लक्ष ठेवणारा एक मुकादम आहे.

फेरा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कुणी फोन नंबर सांगितला आणि जवळ पेन नसलं, की आपण काय करतो? पुटपुटत राहतो. ओठ हलले नाहीत तरी आत पुटपुट चालूच असते, कारण आवाजाचा ठसा दोनेक सेकंदांत पुसट होतो आणि पुसायच्या आत तो पुन्हा उच्चारावा लागतो. म्हणून या फेऱ्याची लांबी शब्दांच्या संख्येत मोजून भागत नाही. साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलून होतं तेवढंच त्यात मावतं. बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखवलं की लांब शब्दांची यादी आखूड शब्दांच्या यादीपेक्षा कमी लक्षात राहते. १९८० साली तर आणखी मजेदार गोष्ट पुढे आली. वेल्श भाषेतले आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दोन्ही भाषा येणाऱ्यांना वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात ठेवता येत होते. माणूस तोच, डोकं तेच, फक्त शब्द लांब. आपल्या 'एकोणऐंशी, अठ्ठ्याण्णव, सत्तेचाळीस'चं काय होत असेल याचा अंदाज करा. लोक मराठीत बोलता बोलता फोन नंबर मात्र इंग्रजीत का सांगतात, याचं थोडं कारण इथेही असावं असं मला उगाच वाटतं.

आता या फेऱ्याची खोड. त्यात बोलणं शिरायला तुमची परवानगी लागत नाही. १९७६ सालच्या एका प्रयोगात इंग्रजी भाषकांना अक्षरांच्या याद्या लक्षात ठेवायला दिल्या आणि पार्श्वभूमीला जर्मन वाचन लावलं. त्यांना जर्मन येत नव्हतं, ऐकू नका असंही सांगितलं होतं, तरी चुका वाढल्या. खळ्यावर धान्य मोजणारा 'लाभ, दोन, तीन' मोठ्याने का म्हणतो आणि मधे कुणी बोललं तर का खेकसतो, ते कळलं ना? बोलणारा माणूस त्याच्या फेऱ्यात पाय घालत असतो.

म्हणजे पॉडकास्ट लावला की ही दोन सेकंदांची गल्ली त्याची झाली. त्याच गल्लीतून जायला बघणारा गेम अडकणार किंवा अडवणार. शब्दकोडं तर सरळच त्या गल्लीत राहतं. सुडोकूत आकडे नुसते डोळ्यांनी बघायचे असतात असं आपल्याला वाटतं, पण जरा स्वतःचं ऐका : "या ओळीत तीन, सात, नऊ राहिले, सात इथे नको, म्हणजे…" पुटपुटच आहे ती. संवादांनी भरलेले गोष्टीचे गेमही त्याच कारणाने बाद. दोन निवेदक एका गल्लीत चालत नाहीत.

तुमचा गेम कुठल्या जातीचा आहे हे घरबसल्या कळतं. पॉडकास्ट बंद करा. दोन मिनिटं नेहमीसारखं खेळा. मग दोन मिनिटं 'बे बे बे बे' असं अखंड म्हणत खेळा. प्रयोगशाळेतही हेच करतात, एखादं अक्षर किंवा शब्द घोकायला लावून फेरा तुंबवतात. खेळ ढेपाळला तर तो शब्दांवर चालतो. माझा निकाल असा : टेट्रिसवर (वरून पडणारे तुकडे फिरवून रचायचा गेम) काही फरक नाही, ट्रक व्यवस्थित, सुडोकू रखडला, कोडं ठप्प. एका माणसावर केलेला प्रयोग म्हणजे विज्ञान नव्हे, हे मान्य. आईने मात्र दारातून विचारलं की मला पाढे पुन्हा शिकायचे आहेत का.

आई स्वतः मटार सोलताना आकाशवाणी ऐकत आलीय, अनेक वर्षं. "एका वेळी एकच काम कर रे," हे वाक्यही तिचंच.

पाटी आणि फेरा वेगळे आहेत, हे ली ब्रुक्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालीच फार सुरेख दाखवलं होतं. तुम्हीही करून बघा. 'नाचता येईना अंगण वाकडे' मनात म्हणा आणि प्रत्येक शब्दाला तो नाम आहे की नाही ते सांगा. नाही, नाही, हो, नाही. हे तोंडाने सांगताना जीभ जरा अडखळते, कागदावरच्या हो-नाहीवर बोट ठेवून सांगणं सोपं जातं. आता इंग्रजी एफचा जाड ठोकळा डोळ्यांसमोर आणा आणि कडेकडेने फिरत प्रत्येक कोपरा अगदी वरचा किंवा अगदी खालचा आहे का ते सांगा. इथे उलटं होतं. तोंडाने झटकन सांगता येतं, बोटाने दाखवायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, कारण बोट आणि चित्र एकाच पाटीवर भांडतात.

याचा वापर कुठवर जातो बघा. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना अपघातांची अंगावर काटा आणणारी दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने त्यातल्या काहींना टेट्रिस खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्या दृश्यांची चित्रं त्यांच्या डोळ्यांसमोर कमी वेळा तरळली. २०१० साली त्यांनी काहींना टेट्रिसऐवजी शब्दांची प्रश्नमंजुषा देऊन पाहिली, तर तिने चित्रं कमी झाली नाहीत, उलट वाढली. टेट्रिसने पाटी पुसली आणि प्रश्नमंजुषेने पाटीला हात लावला नाही, असं मी त्याचं सोपं रूप करून सांगेन.

पण एक अडचण आहे, ती लपवून पुढे जाणं बरं नाही. इटलीतली एक रुग्ण शोधनिबंधांत पी. व्ही. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पक्षाघातानंतर तिचा हा फेरा जवळजवळ मोडला होता. ऐकलेले दोनेक आकडेच तिला धरता येत. तरीही तिला साधं बोलणं नीट समजत होतं आणि ती स्वतः अस्खलित बोलत होती. मग गोष्ट समजायला फेरा लागतोच कुठे?

१९८८ साली याचं उत्तर मिळालं. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या ती कुणाहीसारख्या शिकली. पण इटालियन शब्दाला अनोळखी रशियन शब्द जोडून ऐकवला की तिला तो शिकता येईना. ओळखीच्या शब्दांचा अर्थ लगेच लागतो आणि आवाज सोडून दिला तरी चालतं. नव्या नावाला अजून अर्थच नसतो. त्याचा फक्त आवाज असतो, आणि तो फेऱ्यात काही वेळा फिरल्याशिवाय पक्का होत नाही. माझं 'झ'वरचं गाव कुठे गेलं असेल, याचा माझा अंदाज इथून येतो. ट्रक बहुतेक वेळ फेरा मोकळा ठेवतो, पण जंक्शनवर मी नकळत "उजवीकडे, दोनशे मीटर" पुटपुटतो. नेमकं त्याच वेळी गाव आलं असणार. खोली आणि तापमान टिकलं, कारण त्यांना गोष्टीचा आधार होता.

असल्या विषयात दुकानं मांडणारे भरपूर. 'मेंदूला व्यायाम' म्हणून गेम विकणाऱ्या ल्युमोसिटीच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेत फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून २० लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे तर 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करण्याच्या नावाखाली मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून रंग ओळखायला लावतात आणि पालकांकडून हजारो रुपये घेतात. नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली दिसतं. फट नीट बुजवा, मिडब्रेन लगेच झोपतो. पॉडकास्टबरोबर गेम खेळल्याने बुद्धी वाढते असं मीही म्हणत नाहीये. हात गुंतलेले राहतात आणि मन फार लांब भटकत नाही, एवढाच त्यातला फायदा. जॅकी अँड्रेड यांच्या प्रयोगात कंटाळवाणा निरोप ऐकताना कागदावरचे आकार पेन्सिलीने भरत बसलेल्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं होतं. आठवायची होती नावंच, माणसांची आणि गावांची. आकार भरायला पुटपुट लागत नाही.

राहिला मुकादम. तो एकटा आहे आणि त्याच्यापुढे रांग लागते. दोन निर्णय पाठोपाठ घ्यायचे असले तर पहिला उरकेपर्यंत दुसरा थांबतो, हे वेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९५२ सालीच मांडलं होतं. त्यामुळे पाटीवरचा गेमसुद्धा दर सेकंदाला नवा निर्णय मागू लागला की पॉडकास्ट मागे पडतो. टेट्रिस हळू असताना छान जमतो आणि वेग वाढला की निवेदकाचा नुसता आवाज उरतो. मुरलेले खेळाडू तुकडा मनात फिरवून बघत बसत नाहीत, बटण दाबून पडद्यावरच फिरवून बघतात, असं डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांना १९९४ साली दिसलं. मुकादमाचं काम बोटांवर ढकलायचा हा नामी उपाय.

ट्रकमध्ये चाळीस मिनिटं मुकादम जवळजवळ रिकामा असतो. मग डेपो येतो आणि ट्रेलर मागे घ्यावा लागतो. स्टिअरिंग डावीकडे, ट्रेलर उजवीकडे, दोन आरसे, मागे भिंत. परवा लक्षात आलं की इथे पोचलो की मी दरवेळी पॉडकास्ट थांबवतो. ठरवून नव्हे, हात आपोआप जातो. एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर मागून पत्र्यावर थाप मारत ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या… बस्स!" गेममध्ये तसं कुणी नाही. मग निदान शांतता तरी हवी.