परिचारिकांचा ताण आणि खाटांचं गणित

परिचारिकांच्या ताणाचा विषय निघाला की लगेच योगासनं, समुपदेशन आणि 'सकारात्मक राहा' सुरू होतं. जणू ताण हा सिस्टरच्या स्वभावातलाच दोष! या विषयावरचं संशोधन मात्र साठ वर्षांपूर्वीपासून वेगळंच सांगत आलं आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाने इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंना बोलावलं. अडचण वरकरणी साधी होती : शिकाऊ परिचारिकांची कामं कशी लावायची? मेन्झीस यांना दिसलं ते असं, की जवळपास एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून जात होत्या. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा गाभा हा : मरण, वेदना, परक्या माणसाच्या शरीराची सेवा यांतून येणारी धास्ती झेपावी म्हणून रुग्णालयाने कामाची रचनाच चिलखतासारखी करून ठेवली होती. एकीने एका रुग्णाचं सगळं करायचं नाही, प्रत्येकीने अनेक रुग्णांची ठरावीक कामं उरकायची. रुग्ण म्हणजे 'दहा नंबरच्या खाटेवरचं लिव्हर'. निर्णय पुन्हापुन्हा वरून तपासून घ्यायचा. एवढं करून धास्ती जात नव्हती ती नव्हतीच, वर कामातलं समाधान तेवढं जात होतं. 'सिस्टर, बारा नंबरचं सलाइन संपलं' ही हाक ऐकलेल्या कुणालाही हा निबंध जुना वाटणार नाही.

'बर्नआउट' (कामाच्या ताणाने पुरतं थकून जाणं) हा शब्द १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या लेखातून पुढे आला. १९८१ मध्ये खास परिचारिकांसाठी ३४ प्रश्नांची ताण-मापनपट्टी तयार झाली. रुग्णाचा मृत्यू आणि कामाचा बोजा यांच्या जोडीला डॉक्टरांशी होणारे खटकेही तिच्यात आले, हे बरंच झालं.

खरा धक्का २००२ चा. परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधली १६८ रुग्णालयं तपासली. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूचा धोका ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटचा २३ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे तिचा ताण तिच्यापुरता राहत नाही. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा केला होता. २००४ पासून तो लागू झाला.

आपल्याकडे प्रमाण कागदावर आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयाचा जनरल वॉर्ड रात्री पाहावा. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या. ओव्हर घेणारी, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डचा ताबा घेणारी सिस्टर केसपेपर, इंजेक्शनं, ऑक्सिजन सिलिंडर मोजून घेते, तेवढ्यात नवी अ‍ॅडमिशन येते. मावशी रजेवर असल्या तर बेडपॅनही तिच्याच वाट्याला. यात समुपदेशनाला वेळ कधी काढायचा, हे सुचवणाऱ्यांनीच सांगावं.

ताणाला असुरक्षिततेचीही बाजू आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. त्यानंतर परिचारिकांनी सुरक्षेसाठी संप केला. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा १८ मे २०१५ रोजी गेल्या; तोवर, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाच्या याचिकेची सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा विरोध करायला याच परिचारिका उभ्या होत्या. 'कोपिंग', म्हणजे ताणाला तोंड देण्याची ताकद, मोजणाऱ्या कुठल्या पट्टीत हे बसवायचं?

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली : हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम. पुढचं २०२० हे वर्ष संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी करोना आला. ३ मे २०२० रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं उधळली गेली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर होत्या.