ज्योतीतला गॅस उजेडाने मोजायचा, ही आयडिया आली कुठून?

गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना, ते मिठातलं सोडियम. या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी हाच पिवळा रंग आहे. ज्योतीतलं जे सोडियम पिवळा उजेड देतं, तेच सोडियम मागून जोरात उजेड टाकला की नेमका तोच पिवळा खाऊन टाकतं, आणि किती खाल्ला हे मोजलं की ते किती आहे याचा हिशोब लागतो.

आता कोणी म्हणेल एवढा उपद्व्याप कशाला, नळी घालून ज्योतीतला गॅस ओढून घ्या आणि तपासा. तसं करतातही, पण नळीने ज्योत बिघडते, गॅस थंड होता होता आतल्या आत रिअ‍ॅक्शन चालूच राहते आणि ओएचसारखे (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन) क्षणभर जगणारे रेणूंचे तुकडे नळीच्या भिंतीला लागूनच संपतात, म्हणजे बाहेर येतं ते ज्योतीत होतं ते नव्हेच. उजेड मात्र आरपार जातो, कशाला हात लावत नाही.

पाया जुना आहे. उजेड जाड थरातून जाताना कसा कमी होतो हे बूगेर या शास्त्रज्ञाने १७२९ मध्ये आणि लँबर्टने १७६० मध्ये मांडलं, बीअरने १८५२ मध्ये त्यात पदार्थाचं प्रमाण आणलं. पण ज्योतीपुरती खरी उडी १८५९ ची, जर्मनीत हायडेलबर्गला. तिथल्या केमिस्ट बुन्सेनच्या बर्नरची ज्योत जवळपास बिनरंगी, त्यामुळे त्यात टाकलेल्या पदार्थाचाच रंग दिसायचा. त्याचा सहकारी, फिजिक्सवाला किर्खहोफ, याने मिठाच्या ज्योतीतून सूर्यप्रकाश सोडला. ऊन मंद होतं तेव्हा सूर्याच्या वर्णपटातली (उजेडाच्या पसरलेल्या रंगपट्ट्यातली) ५८९ नॅनोमीटरची, म्हणजे त्याच पिवळ्या जागची काळी रेष उजळली, आणि ऊन कडक केलं तर तीच रेष आणखी काळी झाली! फुकोने पॅरिसमध्ये १८४९ लाच विजेच्या आर्कमध्ये (दोन टोकांमधल्या झगझगीत ठिणगीत) असलं काही पाहिलं होतं, पण त्याचा नियम किर्खहोफने बांधला. मागचा उजेड ज्योतीपेक्षा गरम असेल तर रेष काळी, कमी गरम असेल तर उजळ, आणि दोन्ही सारखे असले की रेष गायब. यावरून पुढे ज्योतीचं तापमान मोजायला लागले, १९०३ च्या सुमारास फेरी नावाच्या शास्त्रज्ञाने. मला ही पद्धत अजूनही सगळ्यात सुंदर वाटते.

मग बराच काळ लोक ज्योत काय उजेड देते तेच बघत बसले. मेलबर्नच्या अ‍ॅलन वॉल्शने १९५२ मध्ये उलटा विचार केला की २००० केल्विनला सोडियमच्या साधारण १ लाख अणूंमागे १ अणू उजेड द्यायच्या अवस्थेत असतो, बाकीचे सगळे उजेड खायला मोकळे बसलेत, मग त्यांनाच का मोजू नये. अडचण एकच, ज्योतीचा स्वतःचा उजेड. त्याने दिव्याचा उजेड ठरावीक वेगाने चालू-बंद केला आणि डिटेक्टरला तेवढाच सिग्नल घ्यायला लावला, ज्योतीचा उजेड आपोआप बाजूला पडला. १९५५ मध्ये त्याचा पेपर आला, आणि पुढे हे मशीन जगभरच्या लॅबमध्ये पोचलं.

पण हे झालं धातूंच्या अणूंचं. कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ यांच्या रेषा इन्फ्रारेडमध्ये आणि इतक्या बारीक की साधा दिवा उपयोगाचा नाही, लेझरच हवा, तोही रंग जरा जरा सरकवता येणारा. शिशाच्या क्षारांचे असे डायोड लेझर आले पण त्यांना कडाक्याचं थंड ठेवावं लागायचं. तरी १९७७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच लेझरांनी ज्वलनातला कार्बन मोनॉक्साइड मोजून दाखवला.

खरी सोय केली टेलिफोनवाल्यांनी. उजेडातून सिग्नल नेणाऱ्या फायबरच्या काचेत अडकलेल्या हायड्रॉक्सिलमुळे (ओएच) १.३८ मायक्रॉनजवळ सिग्नल मरायचा म्हणून ते तो पट्टा टाळायचे, आणि पाण्याच्या वाफेच्या जोरदार रेषा तिथेच आसपास! फायबरसाठी तयार झालेलं, साध्या तापमानाला चालणारं लेझरचं तंत्र मग १९९० नंतर ज्वलनवाल्यांनी तिकडे वळवलं. लेझर सेकंदाला हजारो वेळा रेषेवरून इकडून तिकडे फिरवायचा, रेषेच्या दोन्ही बाजूंचा उजेड पाया धरायचा, आणि दोन रेषांच्या प्रमाणावरून तापमानसुद्धा काढायचं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्सचा क्वांटम कॅस्केड लेझर (इन्फ्रारेडमध्ये चालणारा नवा लेझर) आला, त्यातून पुढे ४.६ मायक्रॉनची कार्बन मोनॉक्साइडची जोरदार पट्टीही हाताशी आली.

एक त्रास मात्र अजून आहे. किरण सरळ रेषेत जातो, वाटेत जे जे येईल त्या सगळ्याची बेरीज देतो, ज्योतीबाहेरच्या खोलीतल्या हवेतली वाफसुद्धा त्यात धरून, म्हणून वाफ मोजताना लेझरपासून ज्योतीपर्यंतच्या वाटेत कोरडा नायट्रोजन सोडत बसावं लागतं.