पाळी जायच्या वयातली मळमळ : ‘पित्ताचं काहीतरी द्या’ म्हणण्याआधी

“पित्ताचं काहीतरी द्या हो, सकाळपासून नुसतं ढवळतंय.” आमच्या मेडिकलच्या काउंटरवर चाळिशी-पन्नाशीतल्या ताई, काकू, वहिनींकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी हा कागद छापून घेतला. बहुतेक वेळा ते संध्याकाळी सहा ते आठच्या गर्दीत येतं. दवाखाने सुटलेले असतात, मागे दहा माणसं उभी असतात. आम्ही विचारतो, “आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?” उत्तर ठरलेलं असतं : “तशा काही नाहीत.” नाहीतर घरातल्या पुरुषमाणसाला धाडलेलं असतं. त्यांच्या हातात चंदेरी कागदाचा दोन बोटांएवढा तुकडा असतो, त्यावर औषधाच्या नावातली शेवटची तीन अक्षरं. “हीच पाहिजे म्हणाली.” कुणासाठी, कशासाठी, ते त्यांना माहीत नसतं आणि विचारलं तर बिचारे लाजतात.

या “तशा काही नाहीत” पायी आमची पंधरा मिनिटं जातात आणि तुमचे दोन-तीन महिने. कारण बऱ्याचदा मळमळीचं मूळ त्या “काही नाहीत”मध्येच असतं.

गेल्या वर्षी गौरी यायच्या आदल्या आठवड्यात एक काकू आल्या. तिसऱ्यांदा पित्ताच्या कॅप्सूल न्यायला. मी म्हटलं, काकू, घरात जे काही गिळता ते सगळं उद्या दुपारी घेऊन या. आल्या. श्रीखंडाचा रिकामा डबा पिशवीतून काढला आणि काउंटरवर पालथा केला. थायरॉइडची शंभर गोळ्यांची बाटली, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, गुडघ्याची दुखण्याची गोळी, आणि गौरीत अडचण नको म्हणून जावेकडून घेतलेली पाळी पुढे ढकलायची अर्धी स्ट्रिप. कधी घेता? “सकाळी सहाला, चहाबरोबर. सगळ्या एकदम टाकते, म्हणजे विसरायला नको.”

रिकाम्या पोटी लोह, दुखण्याची गोळी, हार्मोनची गोळी आणि वर कडक चहा. एखाद्या पैलवानालाही उमासे आले असते. शिवाय यातल्या निम्म्या गोळ्या एकमेकींना अंगी लागू देत नाहीत. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला अडवतात, चहा लोहाला अडवतो. म्हणजे मळमळही सोसायची आणि गुणही यायचा नाही.

त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून बिलाच्या मागच्या बाजूला वेळा लिहून दिल्या. उठल्याउठल्या फक्त थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, तोही काहीतरी खाऊन. लोह दुपारच्या जेवणानंतर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉइडच्या गोळीत आणि या दोन्हींत निदान चार तासांचं अंतर. गुडघ्याची गोळी रोजची नाही, फार दुखलं तरच, भरल्या पोटी. जावेची स्ट्रिप डॉक्टरांनी थांबवायला सांगितली. पंधरवड्याने काकू आल्या तेव्हा म्हणाल्या, “सकाळचं ढवळणं गेलं. रात्री वाफ येते तेव्हा मात्र कसंनुसं होतं अजून.”

ते रात्रीचं ‘कसंनुसं’ खरं पाळी जाण्याचं. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७च्या सुमारास होतं, पण त्याआधीची काही वर्षं हार्मोन वर-खाली होत राहतात आणि त्रास त्याच काळात जास्त असतो. छातीतून मानेकडे गरम वाफ चढते, घाम फुटतो, छाती धडधडते आणि त्याबरोबर पोटातही ढवळतं. कुणाला अर्धशिशीबरोबर मळमळतं, कुणाची तीन रात्री झोप मोडली की चौथ्या दिवशी सकाळी उलटीसारखं होतं. हे पित्त नव्हे. त्यामुळे पित्ताच्या कॅप्सूलचा त्यावर उपयोग होईलच असं नाही.

अशा वेळी घरात जे आहे तेच आधी करून पाहा. उशाशी पाण्याचा तांब्या आणि दोन कोरडी बिस्किटं किंवा मूठभर ज्वारीच्या लाह्या ठेवा. वाफ आली की उठून बसा, पंखा लावा, पाणी घोटघोट प्या, गटागटा नको. जेवण आठच्या आत, आणि जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका. दिवसा पोट फार वेळ रिकामं ठेवू नका, थोडं थोडं खा. ढवळत असेल त्या दिवशी भाताची पेज, मुगाचं कढण, लाह्यांचं पाणी. उपवास करू नका असं आम्ही म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकणार! पण नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या चहावर काढायचे आणि दहाव्या दिवशी मळमळीचं औषध मागायचं, हे काही बरं नाही.

आल्याचा उपयोग होतो. गरोदरपणातल्या मळमळीवर तो तपासलेला आहे आणि या वयातही बऱ्याच जणींना आराम पडतो. आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून चघळा किंवा पाण्यात सुंठ उकळून घ्या. गावातल्या बचत गटाच्या ताईंचा आलेपाक आम्ही काउंटरवर ठेवतो, चांगला झणझणीत असतो. पण तो निम्मा साखर आहे, हेही आम्हीच सांगतो. शुगरवाल्यांनी सुंठच घ्यावी, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आल्या-सुंठीचा मारा डॉक्टरांना विचारूनच. फसफसणाऱ्या पुड्यांचंही तसंच. त्यांत सोडियम भरपूर असतं, बीपी असेल तर त्या रोजच्या नव्हेत.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर बोलायला अवघड जाते. सकाळी उठून मिसरी लावत असाल तर रिकाम्या पोटी तंबाखू जाते, आणि तंबाखूने मळमळतं, गरगरतं. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. पण मिसरी चालू ठेवून मळमळीची गोळी मागणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल दरवर्षी गौरी-गणपतीत आणि वारीच्या सुमारास वाद होतात, म्हणून लिहून ठेवतो. त्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत. त्या हार्मोनच्याच गोळ्या आहेत, त्यांनी मळमळ होते. आणि चाळिशीनंतर पाळीच पुढे-मागे होत असते, तर ती कुठल्या तारखेपासून ढकलायची? हिशेबच बसत नाही.

डॉक्टरांनी पाळी जाण्याच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या दिल्या असतील तर सुरुवातीचे काही आठवडे मळमळ होऊ शकते. ती बहुधा हळूहळू बसते. गोळी खाऊन घ्या, रात्री घेतली तर चालेल का ते विचारा. तरीही सोसवत नसेल तर मनाने बंद करू नका. त्वचेवर लावायचं जेलही मिळतं, ते पोटात जात नसल्याने मळमळीचा त्रास कमी होतो. डॉक्टरांनी लिहून दिलं तर आम्ही दोन दिवसांत मागवून देतो. शुगरची मेटफॉर्मिन आणि वजन उतरवायची इंजेक्शनं यांनीही मळमळतं. तीही मनाने थांबवू नका, आधी विचारा.

“सगळंच खाऊन घ्या” असं मात्र नाही. हाडांसाठीची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ती चहाबिस्किटाबरोबर घेतली तर वाया जाते आणि घेऊन लोळलात तर अन्ननलिका जळते.

आता आमच्यावरचा आरोप. “दुसऱ्या मेडिकलमध्ये लगेच देतात, तुम्हीच चौकशा करता.” मळमळ थांबवायच्या गोळ्या आणि पित्ताच्या ज्या कॅप्सूलमध्ये मळमळीचं औषध मिसळलेलं असतं त्या चिठ्ठीवर द्यायच्या आहेत, पाकिटावर तसं छापलेलं असतं. त्यातल्या एकीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, एकीने बद्धकोष्ठ होतं आणि डोकं दुखतं. आणि नुसती पित्ताची कॅप्सूल महिनोन्‌महिने चालू ठेवली तर बी-१२ कमी होऊ शकतं, हाडं मोडण्याचा धोका वाढतो. ज्या वयात हाडं आधीच झिजू लागतात नेमक्या त्या वयात. वर साधं कॅल्शियम अंगी लागायला पोटात आम्ल लागतं, ते ही कॅप्सूल मारून टाकते. सकाळी कॅप्सूल, रात्री कॅल्शियम, आणि पैसे दोन्हींचे. विकून आमचं काही जात नाही, उलट मिळतंच. तरी विचारतो.

कापलेली स्ट्रिप परत घेत नाही. आणि स्ट्रिप कापून देताना नाव व मुदत असलेला भाग तुमच्याकडे राहील असं आम्ही बघतो. तुम्हीही घरी गोळ्या काढताना त्या बाजूने शेवटी या, म्हणजे चंदेरी तुकड्यांचं कोडं कुणाला सोडवावं लागणार नाही.

पाळी लांबली आणि मळमळतंय, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या. हसू नका. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस जात नाहीत असं नाही. किट मागायला संकोच वाटत असेल तर “पट्टी द्या” एवढं म्हणा, कागदात गुंडाळून देऊ. शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि घाम, थरथर, मळमळ एकदम आली, तर ती वाफच आहे असं धरू नका. शुगर उतरली असेल. घरात मशीन असेल तर लगेच बोट टोचून बघा, नसेल तर थोडी साखर तोंडात टाका.

काही वेळा आमच्याकडे येऊच नका. मळमळीबरोबर थंड घाम, धाप, छातीत दाब, जबडा, पाठ किंवा हात दुखणं, यातलं काही असेल तर थेट १०८ला फोन करा. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ येतेच असं नाही, आणि पाळी गेल्यावर हा धोका वाढतो. रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणं, लोहाची गोळी चालू नसताना काळी शी, तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ, दोन-तीन आठवडे पोट फुगलेलं राहून दोन घासांत भरणं, कारण नसताना वजन उतरणं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, या सगळ्यांत गोळी नको, डॉक्टर हवेत.

बाकीच्यांनी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या. वडापच्या थांब्यावर तेव्हा शुकशुकाट असतो, दुकानात मीच असते, आत बसायला बाक आहे. बीपी बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. सात दिवसांच्या खणांची गोळ्यांची डबीही आहे, सकाळ-दुपार-रात्र वेगळी. घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या : आयुर्वेदिक, जावेच्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. येणं जमत नसेल तर पाकिटांच्या नावाच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि कुठली किती वाजता, कशाबरोबर घेता तेवढं खाली लिहा. रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं.